चवथीला गावी जाण्याआधी कॉम्प्युटरवरचे गेम नेटशिवाय चालतील असे करून घ्या

माझं सांखळीच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि आमचं मूळ घर सत्तरीत, म्हादईच्या पलीकडे. दुकानात फायबरची लाइन आहे. गावच्या घरात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त मागच्या दाराच्या पायरीवर, तीही पाऊस थांबलेला असेल तर. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळं घर तिथे जमतं. पुण्याहून, वास्कोहून, म्हापशाहून मुलं येतात आणि प्रत्येकाच्या बॅगेत लॅपटॉप असतो. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधून झाली, दुपारची जेवणं उरकली की बाहेर धो धो पाऊस आणि आत पाच-सहा मुलं एका स्क्रीनभोवती बसलेली.

२०२२ ची चवथ ३१ ऑगस्टला होती. त्या संध्याकाळी माझ्या पुतण्याने त्याचा शेतीचा गेम उघडला. एकट्याने खेळायचा गेम. त्यात दुसरा कोणी खेळाडू येत नाही. पैसे भरून घेतलेला. पण तो ज्या लाँचरमधून, म्हणजे गेम उघडून देणाऱ्या कंपनीच्या प्रोग्राममधून, उघडतो, त्या लाँचरने पुन्हा लॉगिन करायला सांगितलं. नऊ वर्षांचा पोर माझ्याकडे आला, "काका, हा पासवर्ड मागतोय आणि इथे नेट नाही." आम्ही दोघं स्कूटरवरून हमरस्त्यावरच्या बसस्टॉपच्या शेडमध्ये गेलो. लॅपटॉप मांडीवर घेतला, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. पावसाची झड आत येत होती म्हणून तो शेजारी उभा राहून स्क्रीनवर छत्री धरून होता. पासवर्ड टाकल्यावर ईमेलवर कोड पाठवल्याचं दिसलं. मेल पोहोचेपर्यंत कोडची मुदत संपली. दुसरा मागितला, तो लागला. मग लाँचर स्वतःच अपडेट व्हायला लागला, आणि ६३ टक्क्यांवर लॅपटॉपची बॅटरी संपली. घरी वीज नव्हती. पोर काही बोललं नाही, छत्री मिटून स्कूटरवर मागे बसलं. त्या चवथीला तो गेम उघडलाच नाही.

हे सगळं मी निघायच्या आधी दुकानात अर्ध्या तासात करून देऊ शकलो असतो. तेव्हापासून दर वर्षी श्रावणात घरातल्या सगळ्या मुलांचे लॅपटॉप मागवून घेतो आणि तयार करून देतो. गिऱ्हाइकांनाही करून देतो. कसं करतो ते इथे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. ऑनलाइन गेम म्हटलं की आपल्याकडे लोकांना पैसे लावून खेळायची रमी आठवते. त्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. मी बोलतोय ते वेगळं आहे: दुकानातून घ्यावा तसा किंमत मोजून घेतलेला गेम, जो खेळायला खातं, लाँचर आणि सर्व्हरची परवानगी लागते.

गेम कशाला बांधलेला आहे ते ओळखा

पूर्वी डबीत सीडी यायची, ती घातली की काम झालं. २००४ मध्ये हाफ-लाइफ २ आला तेव्हा डबी घेणाऱ्यालाही स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान आणि लाँचर) खातं काढून तो चालू करावा लागला. पुढे ही रीत सगळीकडे पसरली. आज कॉम्प्युटरवरच्या गेमचे ढोबळ तीन प्रकार धरा.

पहिला, ज्याला नेट फक्त उतरवून घेताना लागतं. नंतर तो आपला आपण चालतो. दुसरा, ज्याला लाँचर लागतो, पण लाँचरला ऑफलाइन मोड, म्हणजे नेटशिवाय चालायची सोय, असते. बहुतेक गेम यात मोडतात आणि आपली सगळी मेहनत यांच्यासाठी आहे. तिसरा, ज्याला खेळताना सतत सर्व्हर लागतो, मग तुम्ही एकटे का खेळत असेना. १५ मे २०१२ रोजी डायब्लो ३ आला त्या दिवशी जगभर लोक 'एरर ३७' बघत बसले होते, कारण एकट्याने खेळायलाही सर्व्हर हवा आणि सर्व्हरला गर्दी पेलेना. असा गेम गावी चालणारच नाही. तो सोडून द्या आणि मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐन सणात त्याचा हिरमोड होत नाही.

कुठला गेम कुठल्या प्रकारात ते दोन ठिकाणी कळतं. स्टीमवर गेमच्या पानावर उजवीकडच्या पट्टीत, दुसऱ्या कंपनीचं खातं लागणार असेल किंवा वेगळं कुलूप (परवाना तपासणारा, कॉपी रोखणारा प्रोग्राम) बसवलेलं असेल तर तशी सूचना दिलेली असते. ती पट्टी कोणी वाचत नाही, सगळे चित्रं आणि व्हिडिओ बघतात. दुसरं ठिकाण म्हणजे पीसी गेमिंग विकी ही वेबसाइट. तिथे गेमचं नाव शोधा. कुठल्या दुकानातून घेतल्यावर कुठलं बंधन येतं त्याचा तक्ता असतो, आणि सेव्ह केलेल्या फाइल कॉम्प्युटरवर कुठे पडतात तेही दिलेलं असतं. ही दुसरी माहिती शेवटी उपयोगी पडणार आहे.

पण खरी परीक्षा घरच्या घरी. वाय-फाय बंद करा, केबल काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि गेम उघडा. नुसता पहिला मेनू दिसला म्हणून थांबू नका. जुना सेव्ह, म्हणजे आधी जिथवर खेळून जतन केलंय तो खेळ, उघडून पाच मिनिटं खेळा. मग नेट तसंच बंद ठेवून एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी परत उघडा. संध्याकाळी चाललेला गेम सकाळी लॉगिन मागतो असं मी कितीदा तरी पाहिलंय. गावी नेमकं हेच होतं, पहिल्या दिवशी चालतो आणि दुसऱ्या दिवशी रुसतो.

तारीख बघा, मगच बाकीचं

हे मी सगळ्यात आधी तपासतो आणि गिऱ्हाइकाला ते सुचतही नाही. "लाँचर कनेक्ट होत नाही, नेट तर चालू आहे" म्हणून जुने डेस्कटॉप येतात. मी उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघतो. तिथे जानेवारी २०१० असतं.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ तो चालवतो. तो मेला की वीज जाऊन आल्यावर कॉम्प्युटर जुन्या तारखेला उठतो. सर्व्हरशी जोडणी करताना आपल्या कॉम्प्युटरला सर्व्हरचं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र तपासावं लागतं आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर २०१० मध्ये उभा असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. ब्राउझर निदान तशी सूचना देतो. लाँचर नुसतं 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' म्हणतो, आणि माणूस नेटवाल्याला फोन करत बसतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाते, त्यामुळे मेलेला सेल लगेच उघडा पडतो. डेस्कटॉपला तो सेल बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. वायर काढा, झाकण उघडा, बाजूची पिन दाबली की सेल वर येतो, नवा बसवताना अक्षरांची बाजू वर. लॅपटॉपचा मात्र दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या.

स्टीम ऑफलाइन करायचा क्रम

क्रम चुकला की सगळं वाया जातं, म्हणून याच क्रमाने करा. निघायच्या निदान तीन दिवस आधी.

विंडोजचे अपडेट आधी पूर्ण करून घ्या, कारण मोठ्या विंडोज अपडेटनंतर काही गेमना आपण नव्या कॉम्प्युटरवर आहोत असं वाटतं. डेनुव्हो नावाचं कुलूप ज्या गेमना असतं ते पहिल्यांदा उघडताना सर्व्हरकडून परवाना घेतात आणि तो परवाना त्या कॉम्प्युटरच्या जडणघडणीशी बांधलेला असतो. प्रोसेसर बदलला की परत नेट मागतात. म्हणून सणाच्या तोंडावर नवे सुटे भाग बसवू नका.

मग स्टीम अपडेट करा. लॉगिन करताना पासवर्ड लक्षात ठेवण्याच्या चौकोनात खूण करा. डाउनलोडच्या पानावर जाऊन रांगेत एकही अपडेट बाकी नाही ना ते बघा. अपडेट आलंय हे स्टीमला कळलं आणि ते अर्धवट राहिलं, तर ऑफलाइनमध्ये तो गेम उघडायला अडून बसतो. यानंतर जे गेम न्यायचे ते एकेक करून नेट चालू असताना उघडा आणि प्रत्यक्ष खेळ सुरू होईपर्यंत जा. पहिल्या वेळी गेम बरंच सामान मागून घेतो, ते दुकानात किंवा घरीच होऊ द्या. ज्या गेमच्या मागे दुसरा लाँचर उघडतो, म्हणजे युबिसॉफ्ट कनेक्ट, ईए ॲप किंवा रॉकस्टारचा, तिथेही लॉगिन करा आणि तोही अपडेट करून घ्या. इथेच बहुतेक लोक फसतात. स्टीम ऑफलाइन केलं म्हणजे झालं असं त्यांना वाटतं आणि गावी गेल्यावर मागचा लाँचर दार अडवतो.

सगळं झालं की स्टीमच्या मेनूतून 'गो ऑफलाइन' करा, नेट बंद करा, रीस्टार्ट करा आणि वर सांगितलेली रात्रभराची परीक्षा घ्या. पास झालेल्या गेमची नावं कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवा. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाच्या लाँचरच्या सेटिंगमध्येही ऑफलाइन चालवण्याची सोय आहे. तिथे उरलेला क्रम हाच.

अपडेट चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहतात आणि त्या दुरुस्त करायला परत नेट लागतं. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर गडगडाट सुरू असताना अपडेट लावू नका. नेटची केबलही काढून ठेवा. विजेचा झटका त्या केबलमधूनही आत येतो. मे महिन्याच्या शेवटी असे जळालेले पोर्ट माझ्याकडे दर आठवड्याला येतात.

खातं कोणाच्या नावावर आहे?

माझ्याकडे एक मुलगा आला होता. त्याचे सगळे गेम त्याच्या थोरल्या भावाच्या ईमेलवर. भाऊ तारवटी, बोटीवर. नव्या लॅपटॉपवर लॉगिन केलं की कोड भावाच्या मेलवर जायचा, आणि भाऊ मधल्या समुद्रात. दोन महिने तो लॅपटॉप गेमशिवाय होता. गोव्यात घराघरात कोणी ना कोणी बोटीवर किंवा आखातात असतं, त्यामुळे ही गोष्ट गंभीरपणे घ्या. खातं जो खेळतो त्याच्या ईमेलवर करा. मूल लहान असेल तर आई किंवा बाबांच्या. मोबाइल नंबर असा द्या जो रिचार्जशिवाय बंद पडणार नाही, कारण बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला मिळतो.

स्टीमचं मोबाइल ॲप कोड स्वतः तयार करतं, त्यासाठी मोबाइलला रेंज लागत नाही. ईमेलच्या कोडपेक्षा ते बरं. ते चालू करताना एक रिकव्हरी कोड दिसतो. तो वहीत लिहा, जिथे घरपट्टीच्या पावत्या ठेवता तिथे. मोबाइल पाण्यात पडला की तोच कोड खातं परत मिळवून देतो.

मोठे गेम कसे न्यायचे

१० एमबीपीएसच्या लाइनवर ६० जीबीचा गेम उतरवायला १३ तासांहून जास्त लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. तेव्हा एकाच घरात दोन कॉम्प्युटर असतील तर गेम दोनदा उतरवू नका. २०२३ पासून स्टीममध्ये एका कॉम्प्युटरवरचा गेम त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर घेता येतो. सेटिंगमध्ये डाउनलोडखाली ती सोय दोन्हीकडे चालू करा आणि केबलने जोडा, काम खूप लवकर होतं. दुसरा मार्ग म्हणजे गेमच्या प्रॉपर्टीजमधून बॅकअप घेऊन तो एक्स्टर्नल डिस्कवर नेणं. परत बसवल्यावर फाइल तपासायला नेट थोडं लागतंच, म्हणून हेही निघायच्या आधीच करा.

पुढचा गेम घेताना

गावी खेळायचाय हे ठरलेलं असेल तर आधी जीओजीवर बघा. पोलंडची ही कंपनी २००८ पासून बिनकुलुपाचे गेम विकते. तिथे गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, तो डिस्कवर ठेवा आणि नेट नसलेल्या कॉम्प्युटरवरही बसवा. स्टीमने १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला. तेव्हा अशा जुन्या डेस्कटॉपवर मुलांना जुने चांगले गेम द्यायचे तर हाच रस्ता उरतो. फक्त उतरवताना नीट बघा. मोठ्या गेमचे तुकडे केलेले असतात, एक लहान ईएक्सई फाइल आणि तिच्यासोबत बिन नावाच्या मोठ्या फाइल. लोक पेन ड्राइव्हवर नुसती ईएक्सई नेतात आणि गावी जाऊन ती दुसरा तुकडा मागत बसते. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये हवेत. आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही. आधी रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

स्टीमवर घेतलेला गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. म्हणून घेतल्या दिवशीच नेट काढून परीक्षा घ्या. पंधराव्या दिवशी कळून उपयोग नाही.

इथे मला मनापासून एक बोलायचंय. आपण 'गेम विकत घेतला' म्हणतो, पण कागदोपत्री आपल्याला मिळतो तो वापरायचा परवाना. द क्रू नावाचा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले, आणि ज्यांनी पैसे मोजले होते त्यांना एकट्यानेही तो खेळता येईना. त्यावरून युरोपात लोकांनी मोहीम उभारली आणि २०२५ मध्ये तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे की परवाना देत असाल तर तसं ग्राहकाला स्पष्ट सांगा. सर्व्हरशिवाय गेम करता येत नाही हे कारण मला पटत नाही. सिमसिटी मार्च २०१३ मध्ये आला तेव्हा एकट्याने खेळायलाही नेट सक्तीचं होतं, सर्व्हर कोलमडले, लोक चिडले, आणि २०१४ मध्ये त्याच गेमला ऑफलाइन मोड आला. म्हणजे मनात आणलं तर जमतं. सत्तरीतल्या, काणकोणच्या आतल्या गावातल्या मुलाने पणजीच्या मुलाएवढेच पैसे दिलेले असतात. त्याला गेमही तेवढाच मिळायला हवा.

काही बिघडलं तर कंपनीला लिहाच. एका पत्रात एकच तक्रार. पैसे भरल्याची पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, खातं काढताना आलेला पहिला मेल आणि एररचा स्क्रीनशॉट, एवढं सोबत जोडा. उत्तर ठरावीक साच्याचं आलं तरी नवी तक्रार उघडू नका, त्याच्याच खाली परत लिहा. पैशांचा वाद असेल आणि कोणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

परत आल्यावर घाई करू नका

विसर्जन झालं, घरी आलात, नेट मिळालं. आता लगेच ऑनलाइन जाऊ नका. आधी गेमचे सेव्ह शोधा. बऱ्याचदा ते डॉक्युमेंट्समध्ये किंवा ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. नाही सापडले तर पीसी गेमिंग विकीवर त्या गेमच्या पानावर जागा दिलेली असते. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. मगच स्टीम ऑनलाइन करा. गावी खेळलेला सेव्ह आणि क्लाउडवरचा, म्हणजे स्टीमच्या सर्व्हरवर साठवलेला, जुना सेव्ह जुळत नाहीत असं दिसलं की स्टीम विचारतं, कुठला ठेवू? दोन्हींच्या तारखा समोर असतात. कॉम्प्युटरवरचा, म्हणजे लोकल, निवडा. घाईत क्लाउडवर बोट पडलं की गावचा सगळा खेळ पुसला जातो. आणि तो घड्याळाचा सेल मेलेला असेल तर काल रात्री खेळलेल्या सेव्हवर २०१० ची तारीख पडलेली असते, क्लाउडवरचा नवा वाटतो, आणि माणूस हमखास चुकीचा निवडतो.

गेल्या वर्षी पुतण्याने अकरा दिवस गावी खेळून मळा, गोठा, विहीर सगळं उभं केलं होतं. परत आल्यावर लॅपटॉप न उघडता तो थेट दुकानात आला आणि म्हणाला, "काका, आधी पेन ड्राइव्ह द्या."